आजी, ३५२ बाय २८८

लग्नाची व्हीसीडी, हॅण्डीकॅमची कॅसेट, नोकियातली दहा सेकंदांची क्लिप... आपल्या घरातला 'डिजिटल' भूतकाळ माळ्यावर पडून झिजतोय. तो वाचवायचा कसा? आणि वाचवताना त्याला हात लावायचा तरी किती?

एक छोटी टेस्ट घेऊन बघा. घरात सगळे जेवायला बसले की सहज विचारा, "लग्नाची सीडी कुठाय हो?" उत्तर ठरलेलं. "आहे की, कपाटात, वरच्या खणात." साड्यांच्या घडीखाली, नाहीतर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लाईटबिलांच्या सोबतीला. आता दुसरा प्रश्न टाका, "लावायची कशावर?" शांतता! सीडी प्लेअर भंगारवाल्याकडे गेला त्याला जमाना झाला, नव्या लॅपटॉपला सीडीचा ट्रेच नाही आणि नव्या टीव्हीच्या मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची भोकंही शोधून सापडत नाहीत.

गंमत बघा. आजोबांचा १९६० सालचा ब्लॅक अॅण्ड व्हाईट फोटो भिंतीवर ठणठणीत आहे. तो बघायला ना प्लग लागतो, ना पासवर्ड. आणि २००४ सालचं 'डिजिटल' बारसं मात्र कुणालाच बघता येत नाही. आधीची पिढी कागदावर वाचली, आताची क्लाऊडवर वाचेल. मधल्या मध्ये लटकलोय आपण, म्हणजे ज्यांचं बालपण साधारण २००० ते २०१० या दहा वर्षांत शूट झालं ते सगळे.

विरारमध्ये हा विषय जरा जास्तच घरगुती आहे. गिरगाव-लालबागच्या चाळींतून उठून कितीतरी मराठी कुटुंबं नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर इथे आली. स्वतःच्या नावाचा पहिला फ्लॅट, स्वतःचं बाथरूम, स्वतःची खिडकी! त्याची वास्तुशांत म्हणजे घरातलं आणखी एक लग्नच. मग व्हिडिओवाला हवाच. खांद्यावर कॅमेरा, हातात डोळे दिपवणारा हॅलोजन आणि मागे वायर सांभाळणारा पोऱ्या असा लवाजमा घेऊन तो यायचा आणि महिनाभरानं गुलाबाच्या फुलात नवरा-बायकोचा फोटो घातलेलं कव्हर हातात पडायचं.

आमच्याही घरात अशी एक जोडी आहे. दोन व्हीसीडी, सन २००४, पत्ता 'विरार (प.), जि. ठाणे'. (पालघर जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती!) मी त्यात सात वर्षांची आहे आणि जमेल त्या फ्रेममध्ये घुसून दात दाखवते आहे. पण ही सीडी जपली जाते ती माझ्यासाठी नाही, आजीसाठी. पहिल्या डिस्कवर आजी नव्या गॅसवर दूध उतू घालते, मग वळून थेट कॅमेऱ्याकडे बघत काहीतरी बोलते. चालती-बोलती आजी आमच्याकडे एवढीच आहे. दोन वर्षांनी ती गेली. बाबांच्या साठीला हीच क्लिप 'एकदम क्लिअर' करून द्यायची, असं मी ठरवलं आणि या भानगडीत शिरले.

एक लाख ठिपके

आधी गणित. व्हीसीडीचं स्टॅण्डर्ड १९९३ साली ठरलं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत तिची फ्रेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांची. म्हणजे सगळे मिळून १,०१,३७६ ठिपके. आजच्या साध्या फुल एचडी फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके असतात, म्हणजे वीसपट! माणूस फ्रेमच्या पूर्ण उंचीएवढा उभा असला, तरी त्याच्या चेहऱ्याच्या वाट्याला उंचीला चाळीसेक ठिपके येतात. डोळा म्हणजे जेमतेम चार-पाच ठिपक्यांची रेघ. स्टेजवरच्या ग्रुपमध्ये तर विचारूच नका.

मोबाईलची कथा आणखी भारी. २००३ साली आलेल्या नोकिया ६६०० नं कित्येकांना आयुष्यातला पहिला व्हिडिओ काढायला शिकवलं. फ्रेम १७६ बाय १४४, म्हणजे २५,३४४ ठिपके. क्लिप साधारण दहा सेकंदांची, की मेमरीची मर्यादा संपली. तरी ब्लूटूथवरून ती क्लिप पाठवताना आपण केवढे मिरवायचो! बरं, जगाची गतही वेगळी नव्हती. यूट्यूबवरचा पहिलावहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा असलेला एक तरुण, १९ सेकंद आणि तसंच धुरकट चित्र.

पण व्हीसीडीचा खरा प्रॉब्लेम ठिपक्यांपेक्षा कॉम्प्रेशनचा आहे. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटं कोंबायची म्हणून सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिटहूनही कमी माहिती चित्रासाठी ठेवली जाते. हे जमतं कारण एका फ्रेममधलं बरंचसं पुढच्या फ्रेममध्ये तसंच असतं. जे हललं तेवढंच लिहायचं, बाकीचं 'मागील पानावरून पुढे'. भटजी संथपणे मंत्र म्हणतायत तोवर ठीक. पण 'शुभमंगल सावधान' झालं आणि अक्षता उडाल्या की खेळ खल्लास! एकाच वेळी हजार दाणे हजार दिशांना. बिचाऱ्या कॉम्प्रेशनला काय लिहू नि काय नको होतं आणि नवरा-नवरीचे चेहरे चौकोनी तुकड्यांत फुटतात. आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आणि नेमका तोच सगळ्यात खराब. तुमच्या घरची सीडी लावून बघा, पैज लावते.

गुन्हेगार कोण?

'डिजिटल आहे, खराब होणार नाही' हे वाक्य त्या काळात सर्रास ऐकू यायचं. खोटं! घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीत माहिती साठवली जाते ती रंगद्रव्याच्या एका पातळ थरात. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे शत्रू. आणि समुद्राकाठच्या विरारमध्ये दमटपणाला काय तोटा?

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. हा थर सीडीच्या चकचकीत बाजूला नसतो, तर लेबलच्या बाजूला, अगदी वरवर, लॅकरच्या नाजूक पापुद्र्याखाली असतो. खालच्या बाजूचा ओरखडा एकवेळ पॉलिश होऊन निघतो, पण वर बॉलपेननं जोरात लिहिलेलं 'बंड्याची मुंज' थेट मुंजीवरच घाव घालतं. वरचं चिकट लेबल काढायला गेलात तर लेबलाबरोबर मुंजही निघून येईल.

तिसरी मेख व्हीसीडीच्या स्वभावातच आहे. साध्या डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये चुका दुरुस्त करण्यासाठी जास्तीची माहिती राखून ठेवलेली असते. व्हीसीडीनं जास्त मिनिटं मावावीत म्हणून तीच जागा चित्राला देऊन टाकली. म्हणून तोच ओरखडा फाईलींच्या सीडीपेक्षा लग्नाच्या सीडीला महागात पडतो.

कॅसेटचं दुखणं वेगळं, बुरशी. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या, तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं. तेव्हा भिजलेल्या कॅसेट पुसून पुन्हा कपाटात गेल्या, त्यांच्या रिळांवर आज पांढरी फुलं उमललेली दिसतात. अशी कॅसेट हौसेनं प्लेअरमध्ये टाकू नका. ती तर जाईलच, प्लेअरचं हेडही घेऊन जाईल. आणि प्लेअर तरी आता कुठून आणणार? व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

मूळ शोधा, मग मेकअप

माझी पहिली डिस्क घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर चढेना. मित्राचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर आणला, त्यावर अर्धी चढली. तिसरा ड्राइव्ह एका स्टुडिओतला, त्यानं उरलेलं वाचलं. हा या धंद्यातला पहिला धडा. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, कारण प्रत्येकाचं लेझर आणि नजर वेगळी. सीडीतली फाईल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, एका खराब जागेवर विण्डोज हात वर करतं. पूर्ण डिस्कची इमेज घेणारं सॉफ्टवेअर वापरा. ते खराब जागा सोडून पुढे जातं आणि नंतर तिथे पुन्हा पुन्हा फिरून येतं. रात्रभर लागली तर लागू द्या. दोन सीडी मिळून डेटा दीडेक जीबी, म्हणजे आजच्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल एवढाच.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की सीडी हे मूळ आहे का? नाही! व्हिडिओवाल्यानं शूट केलं ते कॅसेटवर. ती मिनीडीव्ही असेल तर तिच्यावरचं चित्र ७२० बाय ५७६ चं आणि माहिती सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे व्हीसीडीच्या वीसपटीहून जास्त. ती कॅसेट सापडली तर तुमचं निम्मं रिस्टोरेशन न करताच झालं. तासाच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागते, एवढंच.

आमचा व्हिडिओवाला शोधायला मी स्टेशनजवळच्या तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. दुकानाच्या जागी आता मोबाईल कव्हर विकतात. मालकांचा मुलगा भेटला, चहा पाजला आणि खरं ते सांगितलं. मास्टर कॅसेट ठेवायच्या नाहीत, त्यावरच पुढचं लग्न शूट व्हायचं. कॅसेटला पैसे पडायचे. राग आला, पण कुणावर काढणार? तेव्हा आपणही कुणी 'मास्टर द्या' म्हणून मागितलं नव्हतं. 'शेवटी विमान उडतानाचा इफेक्ट टाका' एवढंच सांगितलं होतं.

गाणं की आवाज?

लोक चित्रामागे धावतात. मी म्हणेन, आधी कान द्या. व्हीसीडीचं चित्र गरीब असलं तरी आवाज चांगला श्रीमंत असतो. ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे गाण्यांच्या सीडीइतकेच नमुने सेकंदाला. नोकियाच्या क्लिपमध्ये हे आठ किलोहर्ट्झवर आलेलं असतं, म्हणून तिथे सगळेच डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात.

मग अडलं कुठे? आठवा जरा, आपल्या व्हिडिओत बोलणं कितीसं असतं? एडिटिंगवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली! हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला हमखास रडवणारं. आमच्या सीडीत आजी कॅमेऱ्याकडे बघून बोलते, तिचे ओठ हलतात आणि ऐकू येते ती सनई. वीस वर्षं घरात वाद चालू आहे. आई म्हणते, ती "सुखी राहा" म्हणाली. बाबा म्हणतात, आजोबांचं नाव घेतलं. आत्या म्हणते, "दूध पुसून घ्या."

मिसळलेल्या आवाजातून माणसाचा आवाज आणि वाद्यं वेगळी करणारे प्रोग्रॅम आता आहेत आणि ते खरंच कमाल काम करतात. पण त्यासाठी आवाज मुळात आत असायला हवा. मूळ आवाज पुसून त्याजागी गाणं टाकलं असेल तर देवही काही करू शकत नाही. आमच्या बाबतीत पुसलाच होता. मी हेडफोन लावून चार रात्री ऐकलं. फक्त सनई.

सापडलं ते भलतीकडेच. दुसऱ्या डिस्कवर, जेवणावळीच्या शॉटमध्ये एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या फटीत, जेमतेम तीन सेकंद खरा आवाज राहून गेलाय. भांड्यांचा खणखणाट, कुणाचं तरी हसणं आणि मागून आजी, "अगं, गॅस बंद केलास का?" बस्स. भांड्यांचा आवाज थोडा खाली आणला, आजीचा थोडा वर. याहून जास्त काही केलं नाही. बाबांना ऐकवलं तेव्हा त्यांनी उठून खरोखर किचनमध्ये जाऊन गॅस बघितला.

एआय आणि आजीचं कपाळ

आता येऊया सगळ्यांच्या लाडक्या विषयाकडे. एक बटण दाबलं की जुना व्हिडिओ ४के! टोपाझ व्हिडिओ एआयसारखं विकतचं सॉफ्टवेअर आहे, रिअल-ईएसआरगॅनसारखी २०२१ साली आलेली फुकटची मॉडेल्स आहेत. इंटरनेटवर याची हवा झाली ती २०२० च्या फेब्रुवारीत. डेनिस शिर्याएव या तरुणानं ल्युमिए बंधूंची १८९६ सालची, स्टेशनात शिरणारी आगगाडी ४के आणि सेकंदाला ६० फ्रेम्स करून टाकली. लोक चाट पडले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती आगगाडी ३५ एमएम फिल्मवर शूट झाली होती आणि फिल्मच्या प्रत्येक चौकटीत खूप बारकावे मुळातच असतात. सव्वाशे वर्षांपूर्वीची आगगाडी आपल्या २००४ च्या वास्तुशांतीपेक्षा जास्त स्पष्ट आहे, बोला!

व्हीसीडीत जे नाहीच ते एआय आणणार कुठून? सरळ आहे, अंदाजानं. लाखो चेहरे बघून तयार झालेलं मॉडेल चार-पाच ठिपक्यांच्या रेघेवर 'इथे साधारण असा डोळा असतो' म्हणून डोळा काढून देतं. या अंदाजाची फजिती जगानं २०२० सालीच बघितली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या पल्स नावाच्या मॉडेलला लोकांनी बराक ओबामांचा धुरकट फोटो दिला आणि त्यातून बाहेर आला एक गोरा माणूस!

आमच्याकडे गोरा माणूस नाही आला. पण आजीच्या कपाळावर लहानपणी गोंदलेलं होतं, कुंकवाच्या खाली, हिरवट-काळं. हॅण्डीकॅमच्या भाषेत तो एक मळकट ठिपका. एआयनं त्याला 'नॉइज' समजून पुसून टाकलं, सुरकुत्या इस्त्री केल्या आणि पापण्या दाट केल्या. स्क्रीनवर एक छान, गुळगुळीत, सीरियलमधली आजी उभी राहिली. बाबांनी दोनदा बघितलं. म्हणाले, "चांगली आहे. पण ही आई नाही."

त्या दिवसापासून माझा नियम सोपा आहे. काढून टाकायचं ते मशीननं घातलेलं, म्हणजे चौकोनी तुकडे, हॅलोजनचा पिवळेपणा, कॅसेटच्या चित्रातल्या कंगव्यासारख्या रेघा. माणसाच्या चेहऱ्यावरचं काहीही काढायचं नाही आणि घालायचंही नाही. रिस्टोरेशनचे पैसे देण्याआधी स्टुडिओवाल्याला हा प्रश्न नक्की विचारा, 'फेस एन्हान्समेंट' चालू आहे का? असेल तर बंद करायला सांगा. चेहरे थोडे धुरकट राहू देत. धुरकट आजी आपली असते.

मागच्या खिडकीतलं विरार

या उद्योगात एक बोनस मिळतो. आपण समोरचे चेहरे बघत असतो आणि मागे गाव उभं असतं. आमच्या गच्चीवरून व्हिडिओवाल्यानं कॅमेरा गर्रकन फिरवलाय. एका बाजूला जीवदानीचा डोंगर, दुसरीकडे, जिथे आज टॉवर्स आहेत, तिथे नुसतं हिरवंगार. विरार तेव्हा नगरपालिका होती, महानगरपालिका झाली जुलै २००९ मध्ये. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती.

तारीख नसलेली क्लिप असेल तर मागून जाणारी लोकल बघा. जुनी पिवळी-तपकिरीच दिसत असेल तर क्लिप जुनी. पांढरी-जांभळी असेल तर नोव्हेंबर २००७ नंतरची. पंधरा डबे मोजता आले तर २००९ च्या अखेरीनंतरची. पोलिसांनीही लावावा असा तपास आहे हा!

आणि काही घरांत तर याहून मोठा ऐवज आहे. नंदाखाल-निर्मळ पट्ट्यातल्या सामवेदी ख्रिस्ती घरांमधल्या लग्नाच्या कॅसेट. लाल लुगड्यातल्या आज्या, कित्येक दिवस चालणारे विधी आणि त्या आज्यांच्या तोंडची कादोडी बोली. नातवंडं आज इंग्रजीत शिकतात. बोली पुस्तकात लिहून ठेवता येते, पण हेल लिहिता येत नाही. तो त्या कॅसेटमध्ये आहे, आणि कॅसेटला बुरशी लागते आहे. हा नुसता घरचा व्हिडिओ म्हणायचा का?

येत्या रविवारी एवढं कराच!

• सगळ्या सीडी, कॅसेट, जुने मोबाईल आणि मेमरी कार्डं एका ठिकाणी आणा. प्रत्येकीचा फोटो काढा, नंबर द्या. सीडीवर पेननं लिहू नका, कव्हरवर लिहा.

• सीडी पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल-गोल नाही. टूथपेस्टचे घरगुती प्रयोग तर अजिबात नकोत.

• छोट्या डीव्हीडीवर शूट करणारा हॅण्डीकॅम होता? डिस्क 'फायनलाईझ' केलेली नसेल तर ती दुसऱ्या मशीनवर चालत नाही. कॅमेरा भंगारात देऊ नका, तोच चावी आहे.

• चित्र ४:३ चंच ठेवा. टीव्ही भरावा म्हणून १६:९ ताणलंत की सगळी वरात एका रात्रीत जाडी होते.

• मूळ फाईलला हात लावायचा नाही. जे काही सुधारायचं ते कॉपीवर, आणि नावात स्पष्ट लिहा, 'सुधारित'. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी.

• फॅमिली ग्रुपवर टाकलेली क्लिप ही प्रत धरू नका. व्हॉट्सअॅप तिला पुन्हा दाबून चपटी करतं.

• बाहेर अपलोड करण्याआधी विचारा. ज्या काकूंचा नंतर घटस्फोट झाला त्यांना ती वरात पुन्हा बघायचीय का, हे त्यांनाच ठरवू दे.

आणि एक काम ज्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. व्हिडिओ चालू करा, शेजारी घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला बसवा आणि मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. ही कोण, तो कोणाचा, हिला तिसऱ्या पंगतीत का बसवलं होतं... ठिपके कितीही वाढवले तरी ही नावं त्यातून निघणार नाहीत. ती ज्यांना माहीत आहेत ती माणसं अजून आहेत, फोन उचलतात, आणि त्यांना असं विचारलेलं आवडतं. सीडी एखादा महिना थांबेल. त्यांना आजच फोन करा.